फोटो अख्खा छापा, अन् कुठून काढला तेही सांगा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

१४ जानेवारीच्या नामविस्तार दिन पुरवणीत शेवटच्या पानावर आपण दोन फोटो एकाखाली एक छापले आहेत. वरचा अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचा, १९६३ सालचा. पोलिसाचं कुत्रं एका कृष्णवर्णीय मुलाच्या पोटावर झेपावतंय. खालचा आमच्या परभणीचा, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायच्या, म्हणजे नामांतराच्या, आंदोलनाच्या काळातला. वरच्याची फोटोओळ, ‘समतेसाठी शांततेने लढणाऱ्या मुलावर सोडलेले पोलिसी कुत्रे’. खालच्याची, ‘आक्रमक जमावाला रोखताना पोलीस’. दोन्ही ओळींबद्दल माझी तक्रार आहे. खालच्या फोटोबद्दल जरा जास्तच, कारण त्याची निगेटिव्ह मी धुतलेली आहे.

स्टेशन रोडवरच्या एका स्टुडिओत मी तरुणपणी डार्करूमचं काम करायचो. मालक फोटो काढायचे, मी लाल बल्बाखाली डेव्हलपर अन् हायपोच्या ट्रेपाशी. मालकांचा कॅमेरा याशिका, १२० चा रोल, रोलात बारा फोटो. हा कॅमेरा ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे की त्याचा फोटो चौकोनी येतो, लांबी-रुंदी सारखी. आपण छापलेला फोटो पाच कॉलम रुंद अन् जेमतेम अर्धी वीत उंच आहे. म्हणजे वरून-खालून मिळून अर्ध्याच्या आसपास फोटो कापला गेला.

मधल्या पट्टीत उरलं काय? पाठमोरे पोलीस, आडव्या धरलेल्या काठ्या, अन् त्यांच्या दिशेनं तोंडं उघडी टाकून धावत येणारी पोरं. बघणाऱ्याला वाटणारच की पोरं अंगावर चालून येतायत. पण अख्ख्या फोटोत, वरच्या कडेला, पोरांच्या मागं आणखी काठ्या आहेत. त्या उगारलेल्या आहेत. रस्त्याच्या त्या टोकाला पोलिसांची दुसरी तुकडी होती आणि लाठीमार तिकडून सुरू झाला होता. पोरं मार चुकवून पळत होती, अन् पळायला जी एक वाट होती ती पुढच्या पोलिसांनी अडवलेली. फोटोच्या खालच्या भागात रस्त्यावर बसलेल्या बाया आहेत. एकीच्या मांडीवर लेकरू, त्याच्या डोक्यावर तिनं पदर ओढलाय. शेजारी चपला विखुरलेल्या, एक भाकरीचं फडकं सुटलेलं. यातलं काहीच आपल्या पानावर नाही.

कापणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पानावर जागा आडवी होती, फोटो चौकोनी होता. एन्लार्जरखाली मीही जन्मभर माणसं कापली. लग्नाच्या फोटोतून अमुक मावसभाऊ काढून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं पुष्कळ असतात. पण लग्नातला मावसभाऊ गेला तर घरच्यांना कळतं कोण गेलं ते. मोर्चाच्या फोटोतून कोण गेलं ते आपल्या वाचकाला कसं कळावं?

मालक तेव्हा कुठं उभे होते, तेही सांगतो. पोलिसांच्या मागं, एका बंद दुकानाच्या ओट्यावर. दुसरीकडं उभं राहणं शक्यच नव्हतं, पुढं गेले असते तर कॅमेराही गेला असता अन् डोकंही. गर्दीत याशिका उलटा करून डोक्यावर धरायची आणि मान वर करून काचेत बघायचं, अशी रीत होती, त्या रीतीनं तो फोटो काढलेला आहे. म्हणून त्यात मागच्या काठ्या दिसतात. पण म्हणूनच पोलिसांच्या पाठी दिसतात अन् पोरांची तोंडं. कॅमेरा ज्याच्या मागं उभा राहतो, त्याचा चेहरा फोटोत येत नाही. त्या दिवशी एकाही पोलिसाचा चेहरा आमच्या रोलात नव्हता, पोरांचे मात्र सगळे होते. हे पुढं काय झालं ते लिहिताना लागणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

आता वरच्या फोटोकडं येतो. धंद्याच्या नादानं अशा फोटोंची माहिती मी गोळा करत आलोय. हा फोटो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बिल हडसन यांनी ३ मे १९६३ ला काढला, दुसऱ्या दिवशी तो न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला. मुलाचं नाव वॉल्टर गॅड्सडेन. हा मुलगा मोर्चात नव्हता, बघायला आला होता. त्याच्या नातलगांची वर्तमानपत्रं होती, अन् ती कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं असूनही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या रस्त्यावर उतरण्याच्या मार्गाला अनुकूल नव्हती. तेव्हा ‘शांततेने लढणारा मुलगा’ ही आपली ओळ तपासून लिहिलेली नाही. फोटो नीट बघा. पोलिसानं त्याचा स्वेटर धरलाय, पण मुलाच्या हातानंही पोलिसाचं मनगट धरलंय. मुलाचा गुडघा वर आलाय, कुत्र्याच्या छातीशी. कुणाला तो अंग चोरताना दिसतो, कुणाला कुत्र्याला अडवताना.

त्याच शहरात केली इनग्रॅम पार्कात १९९५ साली या फोटोवरून शिल्प उभं केलं. त्यात मुलगा लहानखुरा केलाय, मागं झुकलेला, आणि कुत्रं फोटोतल्यापेक्षा भयंकर. पोलिसाचं मनगट धरणारा तो हात शिल्पात नाही. पुतळे उभारणाऱ्यांना काय हवं असतं ते आपल्याकडंही सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आपली पुरवणी घेऊन मी चौकातल्या हॉटेलात गेलो होतो. फोटोओळी घडी घालून झाकल्या अन् वरचा फोटो टेबलावर ठेवला. आमच्यात एक निवृत्त जमादार बसतात. त्यांची नजर थेट पोलिसाच्या डाव्या-उजव्या हातावर. “पट्टा बघा किती आखूड धरलाय. सोडायचं असतं तर ढील दिली असती. हा आवरतोय.” भाजीची पाटी उतरवून चहा घ्यायला आलेल्या बाईनं मुलाकडं पाहिलंच नाही. ती मागच्या माणसांकडं बघत होती. “हे फुटपाथवर उभे राहिलेत ते कोण? त्याच्याच रंगाची माणसं आहेत की. पुढं का येईनात?” अन् जमादारांचा कॉलेजातला नातू म्हणाला, पोराचा चेहरा इतका शांत कसा, कुत्रं पोटाला लागलंय तरी. त्यावर बाई म्हणाली, “शांत नाही रे बाबा, त्याला अजून कळलंच नाही काय झालं ते.”

तिघांनाही जे दिसलं ते फोटोत आहे. पण म्हणून तिघांचं म्हणणं सारख्याच वजनाचं आहे, असं काही मी मानत नाही. हल्ली ही एक सोयीची भाषा आली आहे, प्रत्येकाचा आपापला दृष्टिकोन म्हणून सोडून द्यायची. पोलीस त्या क्षणी कुत्रं आवरत असेलही. जमादारांनी जन्म त्यात घालवला, त्यांची नजर मी खोटी म्हणणार नाही. पण कुत्रं रस्त्यावर आणलं कुणी? आदल्या दिवसापासून, २ मे पासून, शाळेतली हजारावर मुलं चर्चमधून निघून मोर्चे काढत होती, अन् त्या मुलांपुढं कुत्री अन् आगीच्या बंबाचे पाणी मारायचे पाइप आणायचा हुकूम शहराचे सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांचा. हे फोटोत नाही. पट्टा आखूड की ढिला, हा प्रश्न त्यानंतरचा.

अमेरिकेतल्याच लिटल रॉक शहरातल्या एका फोटोचंही तसंच. ४ सप्टेंबर १९५७. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड पहिल्यांदाच गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलला निघाली आहे. स्वतः शिवलेला पांढरा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी वही. मागं हेझल ब्रायन नावाची गोरी मुलगी तोंड वासून ओरडतेय. हा फोटो विल काउंट्स यांचा. बघणारा त्या दोन चेहऱ्यांवरच अडकतो. पण ही पोर एकटी का? शाळेत जाणारी नऊ मुलं होती. सगळ्यांनी एकत्र जमून जायचं असा निरोप फोनवरून फिरला, अन् एलिझाबेथच्या घरी फोनच नव्हता. मला या फोटोत सगळ्यात मोठा दिसतो तो हा नसलेला फोन. पुढं हेझलनं एलिझाबेथला फोन करून माफी मागितली. १९९७ ला दोघी त्याच शाळेसमोर उभ्या राहिल्या, काउंट्स यांनीच दोघींचा हसतानाचा फोटो काढला, अन् त्याचं पोस्टरही निघालं. नंतर त्या दोघींचं पटलं नाही, मैत्री तुटली. त्याचा फोटो कुणी काढला नाही. काढणार तरी कसा?

फोटोला आवाज नसतो, ही आमच्या धंद्यातली मोठी अडचण. हेझलच्या वासलेल्या तोंडातून काय येत होतं त्याला साक्षी आहेत. आपल्या पट्टीतल्या परभणीच्या पोरांचीही तोंडं वासलेली आहेत. ती घोषणा आहे, शिवी आहे, की मागून पाठीत बसलेल्या काठीची किंकाळी आहे, हे कापलेल्या फोटोवरून ठरवता येत नाही. आपल्या उपसंपादकांनी मात्र ठरवलं.

आता पोरांच्या चेहऱ्यांचं सांगतो. त्या रोलाचे प्रिंट मोर्चावाल्यांनी नेले. एक मोठा करून फ्रेममध्ये घालून वस्तीतल्या वाचनालयात लावला, कित्येक वर्षं तिथं होता. त्यांच्यासाठी तो अभिमानाचा फोटो. थोड्या दिवसांनी त्याच निगेटिव्हचे प्रिंट पोलिसांनी मागवले. ते त्यांच्याकडून परत आले तेव्हा त्यावर बॉलपेनानं गोल केलेले होते, काही चेहऱ्यांभोवती, अन् एवढे चेहरे मोठे करून द्या, असा निरोप. मालक नाही म्हणू शकत नव्हते. डार्करूममध्ये ट्रेत तो कागद हलवताना चेहरा हळूहळू वर येतो. तो चेहरा आपल्या ओळखीचा असला तर काय होतं, ते मी लिहून सांगू शकत नाही. त्यातल्या काहींवर खटले चालले, काहींच्या नोकरीच्या अर्जात ते आडवे आले. एकच निगेटिव्ह, भिंतीवर लावली तेव्हा सन्मान अन् फायलीत लावली तेव्हा पुरावा. पोलीस सगळे पाठमोरे, त्यांच्याभोवती गोल करायला चेहराच नव्हता.

अमेरिकेतही हे घडलेलं आहे. मेम्फिसमध्ये १९६८ साली सफाई कामगारांचा संप झाला. कचऱ्याच्या गाडीत दोन कामगार चिरडून मेले, त्यातून तो पेटला. ‘मी माणूस आहे’ अशा फलकांची लांबच लांब रांग असलेला त्यांचा फोटो अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय फोटोग्राफरचा. किंग यांच्या अवतीभवती वावरणारा हा माणूस एफबीआयला, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेला, माहिती पुरवत होता, हे २०१० साली, त्याच्या मृत्यूनंतर, उघड झालं. म्हणून त्याचे फोटो खोटे ठरतात का? मला तसं वाटत नाही. पण तो फोटो बघताना मी आता रांगेतल्या चेहऱ्यांकडं वेगळ्या काळजीनं बघतो.

माझं मुख्य सांगणं अजून राहिलंय. जे फोटो आहेत त्यांच्या अर्थावर आपण भांडतो. जे काढलेच गेले नाहीत त्यांचं काय?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला अन् मराठवाड्यात खेड्याखेड्यांतून दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना मारलं. त्या सगळ्या दिवसांत आमच्या स्टुडिओत जळालेल्या घराचा एकही रोल धुवायला आला नाही. वस्तीत कुणाकडं कॅमेरा नव्हता. शहरातला फोटोग्राफर गेला नाही. भीती होती हे खरं, पण आणखीही एक कारण होतं, अन् ते कुणी लिहीत नाही. लग्नाच्या, मुंजीच्या, जावळाच्या ऑर्डरी ज्या वाड्यांवरून यायच्या, त्या वाड्यांची मर्जी सांभाळून आमचं दुकान चालत होतं. गावोगावच्या फोटोग्राफरचं तेच.

त्या पावसाळ्याचे म्हणून माझ्या हातून जे फोटो निघाले ते पासपोर्ट साइजचे. गाव सोडून पुण्या-मुंबईकडं, औरंगाबादकडं निघालेली माणसं कसल्या ना कसल्या अर्जाला लावायला फोटो काढून घ्यायची. मागं आमचा रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं अन् गुलाब. अंगात स्टुडिओचा कोट, सगळ्यांना तोच, कुणाला बाह्या लांब, कुणाला बटण लागेना. मालक म्हणायचे, हनुवटी वर. माणूस हनुवटी वर करायचा. १९७८ च्या मराठवाड्याचे हेही फोटो आहेत, पण ते दंगलीचे फोटो म्हणून कुठल्याच पुरवणीत येणार नाहीत, कारण त्यात जाळ दिसत नाही.

अमेरिकेतल्या सेल्माचा पूल जगाला माहीत आहे. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे सहाशे माणसांना एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी अन् त्यांच्या सोबतच्या घोडेस्वारांनी झोडपलं. फोटो अन् चित्रफिती त्याच दिवशी देशभर गेल्या, अन् ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. आपल्याकडंही एक पूल आहे. १९७९ च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या विद्यापीठाकडं निघाला अन् तो खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. सेल्माच्या पुलाचा फोटो माझा नातू मोबाईलवर चुटकीसरशी काढून दाखवतो. खडकपूर्णेचा पूल दाखव म्हटलं की पूर आलेल्या नदीचे फोटो येतात. त्यांना कायदा पाच महिन्यांत मिळाला, आपल्याला विद्यापीठाचं नाव १४ जानेवारी १९९४ पर्यंत मिळालं नाही. फोटो नव्हते म्हणूनच एवढा उशीर झाला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ‘असं काही झालंच नाही’ म्हणायला वाव राहिला, अन् तो अजून वापरला जातो.

आता सगळ्यांकडं कॅमेरा आहे, मग अडचण मिटली म्हणावं, तर तसंही नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हा एका गटाच्या मोबाईलवर रक्तानं माखलेल्या सदऱ्याची म्हातारी माणसं होती, दुसऱ्या गटाच्या मोबाईलवर पट्ट्या बांधलेले पोलीस. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे घडलं, त्यातही एका मोबाईलवर फक्त फुटलेली दुकानं अन् जळणाऱ्या वस्तू, दुसऱ्यावर फक्त वस्तीत शिरलेले पोलीस. माझ्या मुलाच्या दुकानात एका काउंटरपाशी उभे राहून दोघे जण आपापला मोबाईल एकमेकांपुढं धरत होते. दोघांचेही फोटो खरे होते. तारीख-वेळ जुळवून, आधी काय अन् नंतर काय हे लावून दाखवायचं काम वर्तमानपत्राचं. तेवढं सोडून बाकी सगळं मोबाईलवर मिळतं.

म्हणून आपल्याला एक विनंती. बर्मिंगहॅममधल्याच एका दैनिकाची, बर्मिंगहॅम न्यूजची, गोष्ट आहे. १९६३ साली आपल्या शहरात चाललेलं हे सगळं त्या दैनिकानं आतल्या पानांत दडपलं होतं. चाळीस वर्षांनंतर तिथं शिकाऊ म्हणून आलेल्या एका तरुणाला कपाटात निगेटिव्हजचं खोकं सापडलं. त्यांच्याच फोटोग्राफरांनी काढलेले, न छापलेले हजारो फोटो. खोक्यावर लिहिलेलं होतं, ‘जपून ठेवा, विकू नका’. २००६ साली त्या दैनिकानं त्यातले फोटो छापले, अन् तेव्हा का छापले नव्हते यावरही लिहिलं.

मराठवाड्यातल्या जुन्या दैनिकांच्या कचेऱ्यांत अशी कपाटं आहेत. १९७८ ते १९९४ या काळातली पाकिटं त्यात असणार. बुरशी लागायच्या आत ती उघडा. निगेटिव्ह ओल्या हातानं धरू नका, कडेला धरा, अन् स्कॅन करताना काळी किनार दिसू द्या, म्हणजे फोटो अख्खा आहे हे कळेल. फोटोओळीत फोटोग्राफर कुठं उभा होता ते लिहा: पोलिसांच्या मागं, मोर्चाच्या आत, की गच्चीवर. सध्या आपण फोटोखाली फक्त ‘संग्रहित’ छापता. कुणी संग्रहित केला, कशासाठी, ते वाचकाला कळू द्या. अन् ज्यांचे चेहरे आहेत त्यांना, किंवा त्यांच्या लेकराबाळांना, विचारून छापा. ती पोरं आता साठीच्या पुढं आहेत, कुणी सरपंच झालं, कुणी पोलिसातच लागलं.

त्या परभणीच्या फोटोचा अख्खा चौकोनी प्रिंट माझ्याकडं आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण काठ्या अन् बाया दोन्ही स्पष्ट दिसतात. आपला माणूस पाठवलात तर स्कॅन करायला देईन, प्रिंट मात्र देणार नाही.

पत्र फार लांबलं. वाचकांच्या पत्रांची जागाही आडवीच असते, हे ठाऊक आहे. कापावंच लागलं तर अमेरिकेचं सगळं कापा, ते पुस्तकांत मिळेल. पासपोर्ट साइजच्या फोटोंचा परिच्छेद ठेवा.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर, परभणी
(नाव छापू नये. वर ज्यांच्या चेहऱ्यांबद्दल लिहिलंय, ते माझ्या नावावरून ओळखू येतील.)